वेशीचा सीन

मराठी चित्रपटसृष्टीने जगाला दिलेला सर्वश्रेष्ठ प्रसंग कोणता, यावर विद्वानांचे मतभेद असू शकतात. फलटणमध्ये ते नव्हते. तिथे हा प्रश्न झगडेअण्णांनी कधीच सोडवून टाकला होता, आणि अण्णांचं कापडाचं दुकान एसटी स्टँडसमोर असल्यामुळे निकाल तालुकाभर पोचलेला होता. अडचण एवढीच होती, की तो प्रसंग ज्या सिनेमात होता तो सिनेमा अण्णांशिवाय कुणीही पाहिलेला नव्हता.

म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी मी पिशवीतून सीडीचा डबा काढून हॉटेलातल्या टेबलावर ठेवला, तेव्हा कुणी चहाच्या कपाला हात लावला नाही.

डब्यावर लिहिलं होतं : ‘वेशीवरची सून’. खाली हिरवं लुगडं नेसलेली बाई आणि तिच्यामागे वीज.

“पुण्यात सापडली,” मी म्हणालो. “पुलाखाली जुन्या सीड्या विकतात, तिथं.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डब्याला हात लावला नाही. “ओरिजिनल आहे का?” त्यांनी विचारलं.

“अण्णा, हिची नक्कल कोण करणार?” डॉक्टर कोठाडिया म्हणाला.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चौघं दर शनिवारी त्या हॉटेलात जमून सिनेमांवर बोलत असू. गावातली एक टॉकीज बंद पडली तेव्हा हॉटेलमालकाने तिथली बाल्कनीतली एक खुर्ची उचलून आणली होती. माणूस उठला की जिची बैठक आपोआप वर जाते तसली. ती लाकडी फळीवर ठोकून त्याने खिडकीशी ठेवली होती. त्या खुर्चीत बसेल त्याने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, आणि तो बोलला की विषय संपला असं समजून चहा मागवायचा, असा आमचा नियम होता. नियम कुणी केला ते आता आठवत नाही. पण खुर्चीत नेहमी अण्णाच असत, त्यावरून अंदाज करता येतो.

बाकीच्यांपैकी कोठाडिया दातांचा डॉक्टर. पेशंटचा जबडा उघडा ठेवून त्याच्याशी सिनेमावर बोलायची सवय असल्यामुळे उलट उत्तर हा प्रकार त्याच्या कानांना फारसा ओळखीचा नव्हता. शिरतोडे एसटीत वाहतूक नियंत्रक. ड्यूटी संपवून टॉकीजला पोचेपर्यंत मध्यंतर झालेलं असे, त्यामुळे त्यांनी आयुष्यात पाहिलेले बहुतेक सिनेमे उत्तरार्धाचे होते. तरी त्यांना मत होतं आणि ते ठाम होतं. “शेवट पटला नाही,” ते म्हणत, “पण सुरुवात चांगली असणार.” मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि सिनेमातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून मी ‘एका अर्थी’ आणि ‘दुसऱ्या अर्थी’ असं बोलत असे. त्याबद्दल माझा मान होता.

आम्ही जुने सिनेमे बोलायचो, नवे बोलायचो. नवा सिनेमा आला की कोठाडिया त्यातला प्रकाश कसा वापरलाय ते सांगे, शिरतोडे रडू कुठे आलं ते सांगत, मी दोन्ही अर्थ सांगे. अण्णा खुर्चीत मागे टेकून सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “ठीक आहे. पण यात वेशीचा सीन आहे का?”

नसायचाच.

वेशीचा सीन आम्हा सगळ्यांना पाठ होता. सासूने सुनेला घराबाहेर काढलेलं असतं. सून गाठोडं घेऊन वेशीतल्या दगडावर येऊन बसते. सकाळची वेळ. अंगावर डाळिंबी इरकल, टोपपदराचं. इथे अण्णा दुकानदाराच्या सवयीने दोन हातांत पदराची रुंदी दाखवत. मग सासू येते. तिच्या शेजारी बसते. बराच वेळ कुणी काही करत नाही. मग सासू खाली वाकून सुनेचा पाय मांडीवर घेते, बांगडीत अडकवलेली पिन काढते आणि सुनेच्या पायातला काटा काढते. पिन परत बांगडीत. मग दोघी उठतात. गाठोडं आता सासूच्या काखेत असतं. कॅमेरा जागचा हलत नाही. लांबून, होता तिथूनच बघत राहतो, आणि दोघी पाठमोऱ्या घराकडे चालत जातात.

“एक शब्द नाही, प्राध्यापक,” अण्णा म्हणत. “म्युझिकसुद्धा नाही. मागं नुसता गाड्यांचा आवाज.”

हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई. शिरतोडे डोळे पुसत. मी स्वतः अनेकदा खिडकीबाहेर बघितलेलं आहे. वर्षागणिक सीन थोडाथोडा लांबत चालला होता, पण तक्रार कुणी केली नाही.

तक्रार केली ती कोठाडियाने, आणि तीही पुण्याच्या महोत्सवाला जाऊन आल्यानंतर. तिथे त्याने एक परदेशी सिनेमा पाहिला होता. त्यात दोन बायका एका बाकावर बसून धुकं बघतात आणि काही बोलत नाहीत. कोठाडियाच्या मते सिनेमा या माध्यमाची ती कमाल मर्यादा होती. तो बराच वेळ बोलला. अण्णा शेवटी म्हणाले, “हे आपल्याकडे आधीच होऊन गेलंय. आणि आपल्याकडे काटा पण होता.”

कोठाडियाचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा झाला. “अण्णा,” तो म्हणाला, “जो सिनेमा कुणी बघितलेला नाही, त्याच्यापुढं बाकीच्या सिनेमांनी अजून किती वर्षं हरायचं?”

म्हणून मी पुण्याला गेलो तेव्हा ती सीडी शोधली. मला वाटलं होतं अण्णांना आनंद होईल.

“उद्या रविवार,” कोठाडिया आता डबा उलटसुलट करत म्हणाला. “दुपारी बघूया. सीन असला तर मी यापुढं अण्णांच्या देखत सिनेमावर तोंड उघडणार नाही. नसला तर अण्णांनी खुर्ची सोडायची.”

हे ऐकायला पोरकट वाटेल. पण अण्णांचं दुकान तेव्हा जवळजवळ बसलेलं होतं. तयार कपड्यांची दोन मोठी दुकानं गावात आली होती. इरकल घ्यायला कुणी येत नव्हतं. यायचे ते फॉल-पिको कुठे करून मिळेल ते विचारायला. मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि फोनवर त्यांना दुकान विकण्याबद्दल सल्ला देत असे. आठवडाभरात अण्णा काय म्हणतात याची कुणी वाट बघत असेल, तर ते शनिवारी, त्या खुर्चीत.

“उद्या माझ्याकडं या,” अण्णा म्हणाले. “मालनला पोहे करायला सांगतो.”

उठताना त्यांनी खुर्चीची बैठक हाताने धरून सावकाश वर सोडली. एरवी ती धाडकन आपटायची.

अण्णांचं घर दुकानाच्या वरच होतं. रविवारी मी पोचलो तर कोठाडियाने आपला सीडी प्लेअर स्कूटरवरून आणून जोडलेला होता. टीव्हीपुढे सतरंजी अंथरली होती. अण्णा धुतलेला सदरा घालून पलंगाच्या कडेवर बसले होते, मुलगी बघायला आलेल्यांपैकी असावेत तसे. मालनवहिनी पोह्यांच्या बशा देऊन आत गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी ‘नको, पुरे’ यापलीकडे काही बोललो नव्हतो.

सिनेमा सुरू झाला. आधी नावं आली, मग गाव आलं, मग सून आली. ती विहिरीवर पाणी भरत होती. कोठाडिया बशी खाली ठेवून पुढे सरकला.

“अण्णा,” तो म्हणाला, “डाळिंबी?”

सिनेमा कृष्णधवल होता.

खरं म्हणजे त्या काळातला, त्या खर्चातला मराठी सिनेमा रंगीत असणं शक्यच नव्हतं. हे आम्हा तिघांना माहीत होतं. कोठाडियाला तर साल सांगून सिद्ध करता आलं असतं. पण सांगणारा माणूस कापडाचा व्यापारी होता, आणि रंगाच्या बाबतीत त्याच्यावर शंका घ्यायचं इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं.

अण्णांनी रिमोट घेतला आणि रंग वाढवून पाहिला. पडद्यावर कोपऱ्यात एक हिरवी रेघ तेवढी आली आणि वाढली. सून करडीच राहिली. त्यांनी रिमोट गादीवर ठेवला.

पहिली सीडी संपली. दुसरी घालत असताना शिरतोडे आले. नेहमीप्रमाणे त्यांना मागचं काही विचारावंसं वाटलं नाही. मग सासूने सुनेला बाहेर काढलं. सून गाठोडं घेऊन निघाली. वेस दिसली, दगड दिसला. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. खालून स्टँडवरची कुठल्यातरी गाडीची घोषणा ऐकू येत होती, ती संपेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

सासू आली. ती देवीच्या देवळातून आली होती आणि तिच्या मागे निम्मं गाव होतं. तिने कपाळ बडवलं. मग ती गाऊ लागली. गाण्याला तीन कडवी होती आणि दर कडव्यानंतर गाव कोरसमध्ये सासूचं म्हणणं उचलून धरत होतं. दुसऱ्या कडव्यात वीज चमकली. तिसऱ्या कडव्यानंतर सून सासूच्या पाया पडली आणि सासूने आपल्या वागण्याची कारणं गावाला सविस्तर सांगितली. पाय मांडीवर घेणं नाही, पिन नाही, काटा तर कुठेच नाही.

‘समाप्त’ अशी पाटी आली, तेव्हा शिरतोडे म्हणाले, “गाणं बरं होतं.”

मला वाटलं होतं कोठाडिया हसेल. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने खाली बघत वायर गुंडाळायला घेतली आणि पेशंटला ‘आता दुखणार नाही’ सांगतात त्या आवाजात म्हणाला, “राहू दे अण्णा. फार जुनी गोष्ट आहे. होतं असं.”

“ह्यांनी बदललंय,” अण्णा म्हणाले.

“कुणी?”

अण्णा टीव्हीकडे बघत होते. टीव्ही निळा झाला होता. “मी बघितलंय,” ते म्हणाले. “पुसेगावच्या जत्रेत. तंबूत. लग्नाच्या वर्षी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

मालनवहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ठाऊक नाही. त्यांनी ट्रे टेकवला आणि टीव्हीकडे बघत म्हणाल्या, “हे गाणं आपल्याला नव्हतं दाखवलं.”

आम्ही तिघं वळलो.

“वहिनी, तुम्ही होता तिथं?” मी विचारलं.

“होते की. मी, सासूबाई. बायकांच्या बाजूला. मधे कनात लावायचे ना, इकडं बाप्ये, तिकडं बायका.” त्यांनी एकेकाला कप दिला. “गाण्याचं रीळ जळलं होतं. तंबूवाला भोंग्यावर सांगून मोकळा झाला.”

“काय सांगितलं?” कोठाडियाने विचारलं.

“काय सांगणार? सून वेशीत बसली, सासूला पश्चात्ताप झाला, ती येऊन सुनेला घरी घेऊन गेली, आता पुढचं रीळ बघा. एवढंच. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पैसे परत द्या म्हणाले. मग पुढचं लावलं.”

तंबूतल्या सिनेमात हे नेहमीचं होतं. फिरून फिरून झिजलेल्या प्रती. रीळ तुटलं, जळलं, की तेवढी गोष्ट भोंग्यावरून सांगायची आणि पुढे जायचं. प्रेक्षकांनी मधला भाग आपापला समजून घ्यायचा असे. म्हणजे अण्णांच्या त्या सीनमध्ये एक शब्द नव्हता असं नव्हे. त्यात शब्दच होते, तेही एका वाक्याचे, आणि भोंग्यावरून बोललेले.

“मग काटा?” शिरतोडे म्हणाले. त्यांना ते सोडवत नव्हतं. “आणि ते डाळिंबी इरकल?”

“कसला काटा?”

शिरतोडेंनी तिथेच, सतरंजीवर बसून, वहिनींना वेशीचा सीन सांगितला. गाठोडं, दगड, शेजारी बसलेली सासू, मांडीवरचा पाय, बांगडीतली पिन. अण्णांइतका चांगला नाही, पण पूर्ण सांगितला. माझ्या माहितीत त्यांनी आरंभापासून सांगितलेला हा एकमेव सीन. वहिनी ऐकत होत्या. मधेच त्यांनी पदर सारखा केला. संपल्यावर त्या अण्णांकडे बघून म्हणाल्या, “अहो, हे काय सांगत असता तुम्ही हॉटेलात?”

“वेशीचा सीन,” अण्णा म्हणाले.

“वेशीचा कुठला? स्टँडवरचा आहे तो.”

“डाळिंबी इरकल माझं,” वहिनी आम्हाला म्हणाल्या. “ह्यांनीच दिलेलं, दुकानातलं. जत्रेनंतर महिनाभरानं सासूबाईंचं आणि माझं वाजलं. कशावरून ते विचारू नका, आता सांगायलाही लाज वाटेल. मी गाठोडं बांधलं आणि माहेरी जायला म्हणून स्टँडवर जाऊन बसले. सकाळची गाडी निघून गेलेली. जाताना चपलेचा अंगठा तुटला होता. तर सासूबाई आल्या, बसल्या शेजारी, आणि बांगडीतली पिन लावून चप्पल सांधून दिली. काटा कुठला आलाय?”

“आणि अण्णा?” मी विचारलं.

“हे दुकानात. नुकतं उघडलं होतं. गादीवर बसून बघत होते रस्त्यापलीकडं. यायचं होतं खाली उतरून, तर ते नाही.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “म्हणजे मी तो सिनेमा बघितलाच नाही?”

“बघितला की,” वहिनी म्हणाल्या. “दुकानातून बघितला.”

मी खिडकीकडे बघितलं. खिडकीतून स्टँड दिसत होतं. हॉटेलात सवय लागलेली होती.

“तुम्ही कधी बोलला नाहीत, वहिनी,” कोठाडिया म्हणाला. “इतकी वर्षं अण्णा हेच सांगतायत.”

“तुम्हाला सांगत होते. मला कोण सांगणार?”

मी ‘एका अर्थी’ अशी सुरुवात केली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. अण्णांनी गळा साफ केला. “पण आई एक शब्द बोलली नव्हती,” ते म्हणाले. “हे तरी खरं ना? एक शब्द नाही.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग रिकामे कप गोळा करू लागल्या. “नाही बोलल्या,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली. त्यांचा चेहरा बघून कोठाडियाने गुंडाळलेली वायर खिशात कोंबली, परत काढली, आणि म्हणाला, “सीन आहे. पैज सीनची होती. खुर्ची तुमची.”

“सिनेमात नाही तो,” अण्णा म्हणाले. ते प्रामाणिक माणूस होते. मीटरने कापड मोजताना बोटभर जास्तच द्यायचे.

“सिनेमावाल्यांना घेता आला नाही, त्याला तुम्ही काय करणार?” कोठाडिया म्हणाला. आयुष्यात एवढ्या कमी शब्दांत त्याने समीक्षा केल्याचं मला आठवत नाही. पैज हरल्यावर तोंड उघडायचं नाही हे तो पुढच्या शनिवारी विसरला, आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

अण्णा खुर्चीत बसत राहिले. नवा सिनेमा कसा होता, यावर आम्ही बोलून झालो की शेवटी ते म्हणत, “बरा आहे.” वेशीचं काही विचारत नसत. त्यानंतर नव्या सिनेमांना फलटणमध्ये जरा बरे दिवस आले. दुकान अण्णांनी विकलं नाही. मुलाला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट असेल.

पण हे पुढचं. त्या दुपारी कोठाडिया आणि शिरतोडे प्लेअर घेऊन खाली उतरले, अण्णा त्यांना सोडायला गेले, आणि मी सीडी डब्यात घालत मागे राहिलो. वहिनी सतरंजी घडी करत होत्या. मी दुसरं टोक धरलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “एवढा वेळ शेजारी बसून सासूबाई खरंच काही बोलल्या नाहीत?”

“बोलत होत्या की,” वहिनी म्हणाल्या. “बसल्या तेव्हापासून बोलत होत्या. रस्त्यापलीकडं ह्यांना ऐकू कसं येणार? त्यात गाड्यांचा आवाज.”

“काय बोलत होत्या?”

“कपाटाच्या किल्ल्या कुठं ठेवल्यास, म्हणाल्या. मला सापडत नाहीत, म्हणाल्या. घरी चल आणि शोधून दे, मग जा कुठं जायचं तिथं.”

“मग? सापडल्या?”

वहिनींनी माझ्या हातातलं टोक घेतलं, सतरंजीची घडी पुरी केली आणि ती काखेत धरून आत जाताजाता म्हणाल्या, “त्यांच्याच कमरेला होत्या.”